तुमच्याच मापाचा कुर्ता का संपतो?

जुलैत किंवा जानेवारीत कुठल्याही मॉलमध्ये सेलच्या पाट्या लागल्या की पुढचं दृश्य ठरलेलं असतं. रॅकवर कपडे भरपूर, रंगही बरे, किंमत तर निम्मी. एकेक हँगर सरकवत जावं तर एक्सएस, एक्सएस, डबल एक्सएल, डबल एक्सएल, मध्येच एखादा थ्री एक्सएल. एम आणि एल औषधालाही नाही. "यात एल मिळेल का?" म्हणून विचारलं की दुकानातली मुलगी टॅगकडे न बघताच सांगते, "साइज कट झालाय, मॅडम."

दरवर्षी मधली मापं आधी संपतात आणि कडेची उरतात. मग पुढच्या वर्षी एल जास्त आणि डबल एक्सएल कमी का मागवत नाहीत? एवढं तर आपल्यालाही कळतं. धंद्यात मुरलेल्यांना कळत नाही?

कळतं. पण ते अमलात आणणं वाटतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे. या अवघडपणाचा रीतसर अभ्यास विद्यापीठांत होतो आणि त्याला फॅशन मर्चंडायझिंग म्हणतात. नावात फॅशन असल्याने मुलांना वाटतं की ही चित्रकलेची वाट, आणि आईवडिलांना वाटतं की शिवणक्लासची मोठी बहीण. दोन्ही समज चुकीचे. कोणता कपडा, किती नग, कोणत्या दुकानात, कोणत्या आठवड्यात आणि काय किमतीला, हे कपडा शिवून होण्याच्या कित्येक महिने आधी ठरवायचं, हा या विषयाचा गाभा आहे. त्यात रंगापेक्षा बेरीज-वजाबाकी जास्त आहे.

वीस सेटचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला किंवा मुंबईच्या मंगलदास मार्केट परिसरात घाऊक माल घ्यायला गेलेल्या दुकानदाराला सहसा सुटे नग मिळत नाहीत. माल सेटमध्ये मिळतो: एका डिझाइनचा एम, एल, एक्सएल आणि डबल एक्सएल, प्रत्येकी एक. कारखानदाराच्या दृष्टीने हे सोयीचं, कारण कापड कापताना चारही मापं एकाच थरावर मांडली तर चिंध्या कमी निघतात आणि गोदामात एकच माप पडून राहत नाही.

समजा, दुकानदाराने वीस सेट घेतले. म्हणजे ८० कुर्ते, प्रत्येक मापाचे २०. आता त्याच्या गिऱ्हाइकांत दर दहा जणींमागे तिघींना एम, चौघींना एल, दोघींना एक्सएल आणि एकीला डबल एक्सएल लागतो असं धरू. पहिल्या पन्नास जणी येऊन गेल्या की एमचे १५, एलचे २०, एक्सएलचे १० आणि डबल एक्सएलचे ५ कुर्ते गेले. एल संपला. दुकानात अजून ३० कुर्ते आहेत, पण त्यातले २५ मोठ्या दोन मापांचे. एक्कावन्नाव्या बाईला एल हवा असेल, आणि तो असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तर ती हात हलवत परत जाते. दुकान भरलेलं दिसतं, पण तिच्यासाठी ते रिकामंच.

यात कुणाचा मूर्खपणा नाही. समान पुरवठा आणि असमान मागणी एकत्र आली की हेच होतं.

न झालेली विक्री दिसत नाही

खरी मेख पुढे आहे. उरलेल्या ३० कुर्त्यांवर सूट दिली जाते आणि सीझन संपेपर्यंत तेही जातात. कुणी सैल घालीन म्हणून नेतं, कुणी आत मारून घेईन म्हणून. आता वर्षअखेरीचा अहवाल काढा. एम विकले २०, एल २०, एक्सएल २०, डबल एक्सएल २०. कागदावर सगळी मापं सारखीच खपतात! एल न मिळाल्याने परत गेलेल्या बायकांची नोंद कुठेही नाही, कारण बिल झालं तरच संगणकाला कळतं. पुढच्या वर्षीची ऑर्डर याच अहवालावरून नोंदवली जाते, आणि पुन्हा सारखेच सेट येतात.

मला या विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि चांगला शिक्षक ती पहिल्याच सत्रात डोक्यात भरवतो: विक्री म्हणजे मागणी नव्हे. विक्री म्हणजे मागणीतला तेवढाच भाग, जेवढ्यासाठी माल हजर होता. खरी मागणी बघायची तर सगळी मापं रॅकवर असतानाचे पहिले दोन-तीन आठवडे बघायचे, आणि तेही पूर्ण किमतीतली विक्री वेगळी काढून. सूट देऊन विकलेला नग हा वेगळ्या रकान्यातला नग. तो का खपला हे सांगताना माप आणि रंगाइतकाच भावही बोलत असतो.

लक्ष्मी रोडवरच्या जुन्या कापडदुकानातल्या शेठला हे शिकवावं लागत नव्हतं. गादीवर बसून तो दिवसभर "अमुक आहे का?" आणि "तमुक नाही का?" ऐकत असे. कशाला उठाव आहे आणि काय नुसतंच पडून आहे, हे त्याच्या कानावर पडत असे. दुकानं शंभर झाली आणि खरेदी करणारा माणूस बंगळुरूच्या किंवा मुंबईच्या कार्यालयात बसला की हे कान जातात. त्यांच्या जागी आकडे येतात, आणि आकड्यांना काय ऐकू येत नाही ते ओळखायला शिकावं लागतं.

अडीच एक्सएल, अर्धा डबल एक्सएल

मोठ्या साखळीला सेट घ्यायची सक्ती नसते. ती हवं ते प्रमाण कारखान्याला सांगू शकते. समजा, आधीच्या विक्रीचा नीट अभ्यास करून प्रमाण ठरलं: एस १० टक्के, एम २७, एल ३३, एक्सएल २५, डबल एक्सएल ५. कुर्ते एक हजार, दुकानं शंभर, दुकानाला दहा. मग एका दुकानाच्या वाट्याला एक एस, २.७ एम, ३.३ एल, अडीच एक्सएल आणि अर्धा डबल एक्सएल.

अर्धा कुर्ता कुणी शिवत नाही. डबल एक्सएल मुळीच ठेवला नाही तर ते माप घालणारी बाई दोनदा रिकाम्या हाती जाते आणि तिसऱ्यांदा येतच नाही. म्हणून प्रत्येक दुकानात निदान एक तरी ठेवला जातो. शंभर दुकानांत शंभर झाले, गरज पन्नासची. वरचे पन्नास कुठून आले? एम आणि एलच्या वाट्यातून. अचूक अभ्यास करूनही कडेची मापं उरण्याचं हे दुसरं कारण, आणि दुकान जितकं लहान तितकं ते जास्त बोचतं.

यावर उपाय दोन. पहिला, दुकानांचे गट पाडायचे. ज्या दुकानांत मोठी मापं जातात तिथे दोन डबल एक्सएल, बाकी काही ठिकाणी शून्य. दुसरा, सगळा माल एकदम पाठवायचाच नाही. हजारातले सातशे वाटायचे, तीनशे भिवंडीच्या गोदामात मागे ठेवायचे आणि पहिल्या पंधरवड्यात जिथून जे माप गेलं तिथे ते पाठवायचं. या कामाला अ‍ॅलोकेशन म्हणतात. नव्याने नोकरीला लागलेल्या कित्येकांची पहिली दोन वर्षं एक्सेलच्या चौकटीत हेच करण्यात जातात. ग्लॅमर शून्य, पण कंपनीचा नफा बराचसा इथेच ठरतो.

स्पेनच्या झाराने हीच कल्पना टोकाला नेली. माल आठवड्यातून दोनदा दुकानात, पहिली खेप मुद्दाम छोटी, आणि कारखाने बऱ्याच अंशी स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान अशा जवळच्या ठिकाणी. लांबच्या देशात शिवून घेण्यापेक्षा मजुरी जास्त पडते, पण आठ महिने आधी अंदाज बांधण्याऐवजी काही आठवडे आधी बांधता येतो. अंदाज जितका उशिरा, तितका चुकण्याचा वाव कमी.

मापांच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक पीडा आहे. आपल्या बाजारातले साइज-तक्ते बहुतेक अमेरिकी किंवा ब्रिटिश तक्त्यांवरून कापूनजोडून केलेले. त्यामुळे एका ब्रँडचा एल दुसऱ्याचा एम असतो आणि छातीला बसणारा कुर्ता खांद्याला उतरतो. यावर तोडगा म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, 'इंडियासाइझ' प्रकल्प हाती घेतला: १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांवर स्त्री-पुरुषांची शरीरमापं त्रिमितीय स्कॅनरने घेऊन भारतीय तक्ता तयार करायचा.

संध्याकाळची मेथी

सेल हा दुकानदाराचा उदारपणा नाही आणि फसवणूकही नाही, निदान नेहमी नाही. मंडईत सकाळी तीस रुपयांना असलेली मेथीची जुडी संध्याकाळी सातला दहाला मिळते. भाजीवाली तोट्यात गेली का? नाही. सकाळच्या भावात तिने वसुली केलेली असते. संध्याकाळची जुडी उद्या पिवळी पडणार, म्हणून मिळेल ते घ्यायचं. कपडा पिवळा पडत नाही, पण सीझन गेला की त्याची जागा नव्या मालाला हवी असते आणि त्यात अडकलेलं भांडवलही. फरक इतकाच, की भाजीवालीला भाव केव्हा उतरवायचा हे सूर्य सांगतो. मर्चंडायझरला तो क्षण स्वतः शोधावा लागतो.

लवकर सूट दिली तर पूर्ण किंमत देऊ शकणारी गिऱ्हाइकंही स्वस्तात नेतात. उशिरा दिली तर ७० टक्के कापूनही माल हलत नाही. आणि सूट देण्याचा हिशेब दिसतो त्यापेक्षा कडक असतो. पाचशेला पडलेला शर्ट हजाराला लावला. कर बाजूला ठेवला तर नफा पाचशे. त्यावर ३० टक्के सूट दिली की शर्ट सातशेला गेला, नफा उरला दोनशे. सूट ३० टक्के, नफ्यातली घट ६० टक्के. तेवढाच नफा राखायचा तर जिथे दोन शर्ट विकत होतो तिथे पाच विकावे लागतील. वर्गात हे गणित पहिल्यांदा फळ्यावर उतरतं तेव्हा निम्म्या मुलांना ते खोटं वाटतं.

किमतीत करही लुडबुड करतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के. कर सोडून २५०० चा ड्रेस गिऱ्हाइकाला २६२५ ला पडतो; २६०० चा ड्रेस ३०६८ ला. दुकानदाराच्या हातात शंभर जास्त, गिऱ्हाइकाच्या खिशातून ४४३ जास्त. असा ड्रेस कोण आणेल? म्हणून किमतींची शिडी आखताना ही पायरी गाळून, एकतर खाली थांबायचं किंवा नक्षी-अस्तर वाढवून सरळ साडेतीन हजारांकडे उडी मारायची, हे कपड्याचं रेखाटन होण्याआधीच ठरतं. डिझायनर नंतर येतो.

चौकट: हिशेबातले चार शब्द

सेल-थ्रू: आलेल्या मालापैकी किती टक्के विकला. सहा आठवड्यांत शंभरातले साठ गेले, तर ६० टक्के.

मार्कअप आणि मार्जिन: पाचशेची वस्तू हजाराला विकली तर खरेदीवर चढवलेला मार्कअप १०० टक्के, विक्रीतलं मार्जिन ५० टक्के. नफा तोच, भागाकार वेगळा. मुलाखतीत हमखास इथे पाय घसरतो.

ओपन-टू-बाय: अजून किती खरेदी करता येईल ती रक्कम. महिन्याची अपेक्षित विक्री ४० लाख, अपेक्षित सूट २ लाख, महिनाअखेरीस हवा असलेला साठा ६० लाख. बेरीज १०२ लाख. त्यातून हातातला ५५ लाखांचा साठा आणि आधीच मागवलेला ३० लाखांचा माल वजा. उरले १७ लाख. याच्या पुढे कितीही सुंदर माल दिसला तरी हात आवरायचा.

जीएमआरओआय: साठ्यात घातलेला एक रुपया वर्षाला किती ढोबळ नफा आणतो. ब्लेझरमध्ये सरासरी एक लाख गुंतले आणि वर्षात १.२ लाख नफा झाला, तर १.२. लेगिंग्जवर दर खेपेला खरेदीच्या २५ टक्केच नफा, पण तोच एक लाख वर्षात आठ वेळा फिरला, तर २. दिसायला क्षुद्र लेगिंग इथे ब्लेझरला मागे टाकते.

चार-पाच-चार आणि पंचांग

अमेरिकी पाठ्यपुस्तकांत एक खास दिनदर्शिका शिकवतात, चार-पाच-चार. तिमाहीचे तेरा आठवडे चार, पाच आणि चार अशा तीन 'महिन्यांत' वाटायचे, म्हणजे या वर्षीच्या महिन्यात जेवढे शनिवार-रविवार तेवढेच गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यात, आणि तुलना चोख. बावन्न आठवड्यांचे दिवस होतात ३६४, म्हणून साठत गेलेल्या दिवसांसाठी पाच-सहा वर्षांनी एक त्रेपन्नावा आठवडा घालावा लागतो. २०२३ च्या आर्थिक वर्षात तो होता. त्यांच्याकडेही अधिक महिन्याचं एक छोटं भावंड आहे म्हणायचं.

पण ही दिनदर्शिका जशीच्या तशी इथे आणली की फजिती होते. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने दसरा २० ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे एका वर्षी अख्खा ऑक्टोबर सणाचा. दुसऱ्या वर्षी त्याच ऑक्टोबरचे पहिले दहा दिवस पितृपक्षाचे, ज्यात बरीच घरं नवं कापड खरेदी करत नाहीत. ज्याने पंचांग उघडलं नाही तो ऑक्टोबर २०२६ चा आकडा बघून धंदा बसला म्हणेल, आणि घाबरून ऐन नोव्हेंबरच्या तोंडावर खरेदी कापेल.

महाराष्ट्रासाठी माल ठरवणाऱ्याला आणखी काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. एरवी सणाला टाळला जाणारा काळा रंग इथे संक्रांतीला मुद्दाम घेतला जातो. साडी, झबलं, मुलांचे कुर्ते, सगळं काळं. दिल्लीत बसून अखिल भारतीय सरासरीने रंग वाटणाऱ्याच्या तक्त्यात जानेवारीतला हा काळा उठाव बुडून जातो. नवरात्रीचे नऊ रंग तर नियोजनकाराला आंदण मिळाल्यासारखे. रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, अशी वारावरून बरीचशी यादी ठरते. कोणत्या तारखेला कचेऱ्यांतल्या आणि लोकलमधल्या बायका कोणता रंग नेसणार, हे कितीतरी आधी सांगता येईल असा ग्राहक जगात क्वचित असेल. इतकं असूनही ऐन आदल्या दिवशी राखाडी कुर्ता शोधत दादर पालथं घालावं लागतं, यावरून हा धंदा अजून किती कच्चा आहे ते कळावं.

तमिळनाडूत आडी महिन्याचे सेल, केरळात ओणमचा सोनेरी काठ, बंगालात दुर्गापूजेचा पुजोर बाजार. प्रत्येक प्रांताचा तक्ता वेगळा. परदेशी पाठ्यपुस्तकातून ते येत नाही, तिथे राहून किंवा राहणाऱ्याला विचारून येतं.

हे शिकवायला विद्यापीठ कशाला?

दुकानदारी शिकवण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. बॉस्टनमध्ये १९०५ साली ल्युसिंडा प्रिन्स यांनी दुकानांत काम करणाऱ्या मुलींसाठी विक्रीकलेचा वर्ग काढला. १९२७ साली पॉल माझर यांनी मोठ्या दुकानाचं काम चार खात्यांत विभागण्याचा आराखडा मांडला: माल, प्रसिद्धी, दुकानाची व्यवस्था आणि हिशेब-नियंत्रण. खरेदी ही मालकाच्या मर्जीची गोष्ट न राहता एक स्वतंत्र खातं झाली, आणि त्यासाठी शिकलेली माणसं लागू लागली. न्यूयॉर्कची फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९४४ ची. तिच्याच सहकार्याने १९८६ साली दिल्लीत निफ्ट उभी राहिली. आज तिचं मुंबईचं संकुल खारघरला आहे.

आपल्याकडे तेव्हा निफ्टमधून बाहेर पडणाऱ्यांची मोठी गरज निर्यातदारांना होती, देशातल्या दुकानांना नव्हे. कापड घ्यायचं आणि शिंप्याकडे टाकायचं, हीच रीत होती. १९९१ साली मुंबईत अंधेरीला शॉपर्स स्टॉपचं पहिलं दुकान उघडलं, १९९८ मध्ये टाटांची ट्रेंट आणि तिचं वेस्टसाइड आलं, आणि ठरावीक मापांत शिवलेले तयार कपडे शेकडो दुकानांत वाटण्याचा प्रश्न इथेही उभा राहिला. शिंपी असताना मापाचा प्रश्नच नव्हता. प्रत्येक गिऱ्हाईक एकमेव होतं.

वर्गात काय होतं

अभ्यासाचे ढोबळ चार भाग. हिशेब आपण पाहिला. दुसरा ग्राहकाचा अभ्यास आणि फॅशनचा अंदाज. तिसरा दुकान: मांडणी, काचेतली सजावट, कायदे, पुरवठ्याची साखळी. यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते व्यवस्थापनाच्या कुठल्याही अभ्यासक्रमासारखंच आहे. चौथा भाग मात्र या शिक्षणाला एमबीएपासून वेगळं करतो. तो म्हणजे कापड.

प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांच्या हातात पिक ग्लास देतात, घडी घालता येणारं एक इंचाचं भिंग. ते कापडावर ठेवून एका इंचात उभे किती धागे आणि आडवे किती ते सुईने मोजायचे. कापडाचा गोल तुकडा कापून वजन करायचं आणि एका चौरस मीटरला किती ग्रॅम ते काढायचं; साध्या टी-शर्टाचं कापड दीडशे-एकशेऐंशीच्या आसपास भरतं. पुरवठादाराने १८० सांगून १६० चं पाठवलं तर एका टी-शर्टामागे फरक काही रुपयांचा, दहा हजार नगांवर मोठा. हाताला हा फरक कळू लागेपर्यंत मुलांना शेकडो तुकडे चाचपावे लागतात.

मग रंग. साडी घेताना आपल्या आया-मावश्या ती दुकानाच्या दाराशी नेऊन उन्हात बघतात. त्यांचं बरोबर आहे. दोन निळे तुकडे दुकानातल्या दिव्याखाली एकसारखे दिसतात आणि दिवसाच्या उजेडात एक जांभळट होतो. दोन्ही रंग वेगवेगळ्या रसायनांनी साधलेले असतात आणि प्रत्येक प्रकाश त्यांच्यातून वेगळं काहीतरी परतवतो. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून रंगाऱ्याकडून आलेला नमुना, धंद्यातला लॅब डिप, एका पेटीत वेगवेगळ्या दिव्यांखाली तपासून मगच मंजूर होतो. कुर्ता एका गिरणीत रंगला आणि सलवार दुसरीकडे, तर ही पेटीच अब्रू वाचवते.

पदवीनंतर

मर्चंडायझर या पाटीखाली तीन निराळ्या नोकऱ्या असतात, आणि प्रवेश घेताना फार थोड्यांना हे ठाऊक असतं. तिरुपूर, बंगळुरू किंवा गुरुग्रामच्या निर्यातगृहातला मर्चंडायझर परदेशी गिऱ्हाईक आणि कारखाना यांच्यामधला दुवा असतो: नमुने मंजूर करून घेणं, तारखा पाळायला लावणं, दिवसभर फोन. दुकानांच्या साखळीतला बायर किंवा प्लॅनर वर सांगितलेली आकडेमोड करतो. तिसरा व्हिज्युअल मर्चंडायझर, जो पुतळे सजवतो आणि रॅक लावतो. चित्रकलेचा हात खरा उपयोगी पडतो तो इथे. ऑनलाइन कंपन्यांत दुसऱ्या प्रकाराला कॅटेगरी मॅनेजर म्हणतात. तिथे साठा एका मोठ्या गोदामात असल्याने अर्ध्या डबल एक्सएलची अडचण बरीच सुटते, पण न बसलेला माल परत येण्याची नवी अडचण तिची जागा घेते.

पदवीशिवाय यात शिरता येत नाही असं नाही. दुकानात विक्रेता म्हणून लागून विभागप्रमुख आणि पुढे खरेदी खात्यात गेलेली माणसं असतात, आणि परत गेलेल्या एक्कावन्नाव्या बाईला त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं. पदवी वाट आखूड करते, एवढंच. म्हणून अभ्यासक्रम निवडताना माझ्या मते दोन गोष्टी आधी विचाराव्यात. प्रत्यक्ष दुकानात उभं राहून किती आठवडे काम करावं लागतं, आणि खरेदीचं गणित एका तासिकेत उरकतात की त्याचा स्वतंत्र विषय आहे. संस्थेच्या इमारतीचे आणि फॅशन शोचे फोटो यांपैकी कशाचंच उत्तर देत नाहीत.

महाराष्ट्रात वाटा बऱ्याच आहेत. कापडाच्या बाजूने यायचं तर इचलकरंजीची डीकेटीई किंवा मुंबईत व्हीजेटीआय. एसएनडीटी आणि निर्मला निकेतनसारख्या संस्थांतल्या गृहविज्ञान शाखांत वस्त्रशास्त्र जुन्या काळापासून शिकवलं जातं. धंद्याच्या बाजूने यायचं तर निफ्टचा दोन वर्षांचा मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंट. त्याला कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो आणि निवड सामान्य क्षमतेच्या लेखी परीक्षेवर आणि मुलाखतीवर होते. चित्र काढून दाखवावं लागत नाही. संख्याशास्त्रात बीएस्सी झालेल्या आणि कपड्यांचं थोडंफार वेड असलेल्या मुलामुलींना या वाटेची खबर सहसा कुणी देत नाही, आणि नेमकी तीच या कामाला सगळ्यात योग्य असतात.